व्ही. पी. ते कॅश ऑन डिलिव्हरी : मराठी ग्रंथव्यवहार आणि वाचकाचा पत्ता

मराठी वाङ्मयाचा इतिहास आम्ही लेखकांचा इतिहास म्हणून शिकलो आणि तसाच तो वर्गात शिकवतो. कालखंड, प्रवाह, प्रवर्तक आणि प्रमुख कृती असा त्याचा परिचित आराखडा आहे. छापखान्यातून निघालेले पुस्तक वाचकाच्या हाती कसे पडले, त्याचे पैसे कोणी, केव्हा आणि कोणावर विश्वास ठेवून दिले, हे प्रश्न त्या आराखड्यात बसत नाहीत. ते ‘व्यवहाराचे’ प्रश्न मानले जातात. आणि ‘व्यवहार’ हा शब्द आपल्याकडे वाङ्मयाच्या विरुद्धार्थी असल्यासारखा वापरला जातो. आंतरजालाने या व्यवहाराची घडी बदलली असे आज सारेच म्हणतात. परंतु आधीची घडी कोणती होती हेच ठाऊक नसेल, तर बदल कशात झाला हे सांगता येत नाही. म्हणून हा थोडा मागे जाण्याचा प्रयत्न.

नव्या बाजारपेठेच्या इतिहासात पहिला माल पुस्तक हाच होता, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथून ॲमेझॉनने विक्रीस प्रारंभ केला तो पुस्तकांनी. त्यानंतर महिन्याभरात, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. बारा वर्षांनी, ऑक्टोबर २००७ मध्ये, बंगळूरला फ्लिपकार्ट सुरू झाले तेही पुस्तकांचेच दुकान म्हणून. जेफ बेझोस यांनी पुस्तकाची निवड केली ती साहित्यप्रेमापोटी केली नव्हती. पुस्तके लाखांनी असतात, जगातल्या कोणत्याही एका दुकानात ती मावत नाहीत. एका आवृत्तीच्या सगळ्या प्रती सारख्याच असतात, म्हणून त्या हाताळून घ्याव्या लागत नाहीत. आणि पुस्तक प्रवासात नासत नाही. वस्तू न पाहता, विक्रेत्याला न भेटता, दूर गावाहून मागवावी आणि ती बिनबोभाट घरी यावी, असा व्यवहार पुस्तकाच्या बाबतीत सर्वांत सोपा होता.

मात्र हा व्यवहार मराठी वाचकाला १९९५ साली किंवा २००७ साली नवा होता काय? आमच्या मते नव्हता. तो त्याच्या पणजोबांनाही ठाऊक होता.

१

१८५४ साली भारतातील टपालाचे दर एकसमान झाले. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. पत्र शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला, दर तोच. अंतराचा आणि किमतीचा संबंध प्रथम तुटला तो तेव्हा. आधीच्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली होती आणि १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग गेला. मुंबई-पुण्याच्या छापखान्यांना आता खानदेश, वऱ्हाड आणि कर्नाटकातले मराठी वाचक आवाक्यात आले. परंतु टपाल आणि रेल्वे यांनी अंतराचा प्रश्न सोडवला तरी विश्वासाचा प्रश्न तसाच राहिला. अमरावतीच्या वाचकाने पुण्याच्या अनोळखी दुकानदाराला आधी पैसे पाठवावेत, की दुकानदाराने अनोळखी गिऱ्हाइकाला आधी पुस्तक पाठवावे? दोघांपैकी एकाने तरी जोखीम पत्करल्यावाचून व्यवहार होत नव्हता.

१८७७ साली टपाल खात्याने यावर तोड काढली. तिचे नाव ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’, म्हणजे आपल्या तोंडी बसलेली ‘व्ही. पी.’. पार्सल पोस्टमनने घेऊन यायचे, गिऱ्हाइकाने किंमत मोजायची आणि मगच पार्सल हाती घ्यायचे; जमा झालेली रक्कम टपाल खाते विक्रेत्याकडे पोचवणार. १८८० मध्ये मनिऑर्डरचे काम सरकारी तिजोऱ्यांकडून टपाल खात्याकडे आले आणि ही साखळी पुरी झाली. दोन अनोळखी माणसांच्या मध्ये एक तिसरा उभा राहिला, ज्याच्यावर दोघांचाही विश्वास होता. तो तिसरा म्हणजे खाकी कपड्यांतला सरकारी नोकर.

मराठी नियतकालिकांनी आणि पुस्तकविक्रेत्यांनी व्ही. पी.चा पुढील शतकभर केवढा उपयोग केला, हे जुने अंक चाळणाऱ्या कोणालाही कळेल. वर्गणी संपली की पुढील अंक व्ही. पी.ने पाठवायचा, आणि ‘ती परत करून नुकसान करू नये’ अशा आशयाची विनंती आधीच छापायची, हा संपादकांचा नित्याचा भाग होता. परत आलेली व्ही. पी. हे संपादकाच्या दुःखांपैकी एक स्थायी दुःख होते. जाण्यायेण्याचा टपालखर्च त्याच्याच माथी बसे.

आता २०१० सालाकडे येऊ. फ्लिपकार्टपुढे त्या वर्षी जी अडचण उभी होती ती १८७७ चीच होती. क्रेडिट कार्ड थोड्यांकडे होते, आणि ज्यांच्याकडे होते त्यांनाही त्याचा क्रमांक पडद्यावर टंकून देण्याची धास्ती वाटे. कंपनीने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केली. माणूस पार्सल घेऊन येईल, आधी पैसे द्या, मग पार्सल घ्या. भारतातील ई-व्यापार घरोघर पोचला तो या सोयीमुळे, असे या व्यापाराचे अभ्यासक सांगतात. नवे तंत्रज्ञान दाराशी आले ते जुन्या व्ही. पी.चे बोट धरून. पार्सले परत येण्याचे दुखणेही तिच्याबरोबर आले आणि त्याचा भारही पुष्कळदा विक्रेत्यावरच पडू लागला.

हे साम्य दाखवून ‘जगात नवे काही नसते’ असा सोपा निष्कर्ष काढता येईल. आम्हांला तो काढायचा नाही. दोन्ही व्यवस्थांमध्ये एक फरक आहे, तो वरवर क्षुल्लक वाटतो, पण आमच्या मते या सगळ्या बदलाचे मर्म त्यातच आहे. व्ही. पी.च्या पार्सलावर वाचकाचे नाव आणि पत्ता विक्रेत्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला असे. तो पत्ता त्याच्या वहीत राही. टपाल खाते पार्सल पोचवी, पैसे आणून देई आणि वाचकाला विसरून जाई. आजच्या व्यवस्थेत पत्ता मधल्या तिसऱ्याकडे राहतो. विसरतो तो प्रकाशक.

२

पत्त्यांची वही एवढी महत्त्वाची का, याचे उत्तर मराठी प्रकाशनाच्या इतिहासात ठिकठिकाणी मिळते. मराठी ग्रंथाला मोठी बाजारपेठ कधीच लाभली नाही; त्याला लाभले ते वर्गणीदार. वर्गणीदार हा नुसता गिऱ्हाईक नव्हे. पुस्तक अस्तित्वात येण्यापूर्वीच त्याच्यासाठी पैसे देणारा, म्हणजे लेखनाच्या शक्यतेवर विश्वास ठेवणारा वाचक तो वर्गणीदार.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ च्या जानेवारीपासून दरमहा निघू लागली आणि तिचे चौऱ्याऐंशी अंक झाले. जवळजवळ सगळा मजकूर एका हाताचा. मराठी गद्याला तिने काय दिले याची चर्चा आपण करतो. परंतु एकट्या माणसाचे निबंध महिन्यामागून महिना विकत घेणारे वाचक गावोगाव नसते, तर ते गद्य त्या मापाने लिहिले गेले असते का, हा प्रश्न परीक्षेत विचारला जात नाही. स्वतः शास्त्रीबोवांना तो पुरता कळला होता. लेखणीच्या जोडीने त्यांनी चित्रशाळा आणि आर्यभूषण हे छापखाने उभारण्यात पुढाकार घेतला आणि ‘किताबखाना’ नावाचे पुस्तकांचे दुकानही काढले. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्याने दुकान काढावे, यात त्यांना विसंगती वाटली नाही.

याहून मोठे उदाहरण श्रीधर व्यंकटेश केतकरांचे. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस विभाग ज्या रचनेवर उभे राहिले ती रचना म्हणजे एक मर्यादित कंपनी होती. भागधारक जमवायचे, वर्गणीदार नोंदवायचे, त्यासाठी गावोगाव हिंडायचे, हे काम विद्वान केतकरांनी कमीपणा न मानता केले. राजाश्रय नसताना मराठीत विश्वकोश होऊ शकतो, हे त्यांनी दाखवले ते वाचकांच्या यादीच्या बळावर.

तिसरे उदाहरण आमच्यापैकी काहींच्या आठवणीतले आहे. १९७४-७५ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने स्वतःला वाचक चळवळ म्हणवले. वाचकांना सभासद करून घ्यायचे आणि त्यांच्या आधारावर पुस्तके काढायची, ही तिची रीत. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली याच संस्थेने प्रसिद्ध केले. दलित आणि भटक्या समाजांतील आत्मकथनांचा प्रवाह मराठीत कसा आला हे सांगताना आपण सामाजिक चळवळींचा, लघुनियतकालिकांचा आणि विद्रोहाचा उल्लेख करतो. तो रास्तच आहे. पण या पुस्तकांच्या मागे एक वितरणव्यवस्था होती, आणि ती तयार वाचकांच्या यादीवर उभी होती, याची नोंद फारशी होत नाही. अनोळखी लेखकाचे, अनोळखी अनुभवाचे पुस्तक काढताना प्रकाशकाला धीर देणारी गोष्ट एकच असते : आपला वाचक कोण आहे आणि कोठे राहतो हे त्याला ठाऊक असणे.

३

वर्गणीदारांच्या यादीबरोबरच दुसरी एक स्मृती या व्यवहारात होती. ती दुकानदाराच्या डोक्यात असे. गिरगावात ‘मॅजेस्टिक’ चालवणाऱ्या केशवराव कोठावळे यांनी १९६४ साली ‘ललित’ मासिक सुरू केले. पुस्तके, लेखक आणि वाचक हाच त्याचा विषय. एका पुस्तकविक्रेत्याने ग्रंथप्रसारासाठी मासिक काढावे आणि त्यातून चोखंदळ वाचकांची निवड प्रसिद्ध करण्याचा प्रघात पडावा, ही घटना आमच्या दृष्टीने मराठी वाङ्मयेतिहासातली आहे. मुंबईतच, इंग्रजी पुस्तकांच्या क्षेत्रात, टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात मांडलेले ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ पुढे फोर्टात गेले आणि सवलतीच्या दरात पुस्तके देऊन त्याने पिढ्यांना वाचक केले. शानभाग २००९ साली निवर्तले. दुकान फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाले. शेवटच्या दिवसांत तेथे झालेली गर्दी पाहून एक विचार मनात येणे अपरिहार्य होते : हे सगळे वाचक आधी नियमाने येत राहिले असते तर?

तथापि जुन्या दुकानांविषयी हळवे होऊन इतिहास लिहिता येत नाही. ही व्यवस्था कोणापर्यंत पोचत होती, हेही विचारले पाहिजे. पुण्याचा अप्पा बळवंत चौक, मुंबईतील गिरगाव-दादर आणि नागपूर, औरंगाबाद, कोल्हापूर, नाशिकसारखी काही शहरे सोडली, तर मराठी पुस्तकांचे म्हणावे असे दुकान सापडणे कठीण होते. तालुक्याच्या गावी ‘बुक डेपो’ म्हणजे शालेय पुस्तके, वह्या आणि गाइडे. तेथल्या वाचकाला आधार होता तो सार्वजनिक ग्रंथालयाचा, अधूनमधून भरणाऱ्या प्रदर्शनाचा किंवा साहित्य संमेलनातील गाळ्यांचा. दुकानात पुस्तक कोणते ठेवायचे हे दुकानदाराची रुची, ओळखीपाळखी आणि त्याला मिळणारे कमिशन ठरवी. प्रकाशकाची उधारी वर्षानुवर्षे थकलेली असे. आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानित ग्रंथालये वाढली, तेव्हा वाचकासाठी नव्हे तर ग्रंथालयाच्या खरेदीसाठीच छापलेली पुस्तकेही बाजारात पुष्कळ आली. परदेशी गेलेल्या मराठी माणसाला तर कोणीतरी भारतात जाऊन येईपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

४

या पार्श्वभूमीवर आंतरजालाने दिलेली देणगी मोठी आहे, आणि ती मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ साली सुरू झाले आणि परदेशस्थ वाचकांना मराठी पुस्तके मागवण्याची सोय त्याच्या खरेदी विभागाने पुढे करून दिली. २०१० च्या सुमारास पुण्याहून ‘बुकगंगा’ने मराठी पुस्तकांचेच मोठे संकेतस्थळ उभे केले, छापील पुस्तकांच्या जोडीला ई-पुस्तके ठेवली. जून २०१३ मध्ये ॲमेझॉन भारतात आले, तेही पुस्तके आणि चित्रपटांपासून आरंभ करून. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील ई-पुस्तके रीतसर मिळू लागली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ने भारतात पाऊल ठेवले, तेव्हा इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी ही तिसरी भाषा निवडली. गडचिरोलीतील शिक्षक, लातूरची स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी आणि न्यू जर्सीतील गृहस्थ यांना एकाच यादीतून पुस्तक निवडता येणे, हे १८७७ नंतरचे सर्वांत मोठे पाऊल आहे. फ्लिपकार्टला पहिली मागणी आली ती बंगळूरच्या एखाद्या उपनगरातून नव्हे, तर तेव्हाच्या आंध्रातील महबूबनगरहून. दुकाने जेथे नव्हती तेथूनच ही भूक प्रकट झाली.

२००४ साली क्रिस अँडरसन या अमेरिकन पत्रकाराने ‘लांब शेपटा’चा सिद्धांत मांडला होता. दुकानाच्या फळीवर जागा मर्यादित, म्हणून तेथे खपणारेच पुस्तक राहते. आंतरजालावर फळीला अंत नाही, म्हणून वर्षाला दोन-चार प्रती खपणारे पुस्तकही तेथे जगू शकते. मराठीसारख्या भाषेसाठी यापेक्षा आशादायक विचार कोणता असणार? आपले बहुतेक वाङ्मय त्या शेपटातच आहे.

अनुभव मात्र निराळा आला. गेल्या वर्षी एका जुन्या समीक्षाग्रंथाच्या वर्गासाठी वीस प्रती हव्या होत्या. मोठ्या संकेतस्थळावर तो ‘सध्या उपलब्ध नाही’ असे दिसले. विद्यार्थ्यांनी पुस्तक संपले असे धरून छायाप्रती काढल्या. पुढे सहज प्रकाशकांना दूरध्वनी केला, तर गोदामात शंभरावर प्रती पडून असल्याचे कळले. पुस्तकावर आयएसबीएन नव्हता आणि संकेतस्थळावर माल चढवण्याचे काम त्यांच्याकडे कोणी करत नव्हते. पूर्वी दुकानात नसलेले पुस्तक ‘मागवून देतो’ या शब्दांनी जिवंत राही. आता पडद्यावर नसलेले पुस्तक नाहीच, असा समज होतो.

यामागे तांत्रिक कारणे आहेत, ती साहित्याच्या लोकांनीही समजून घेतली पाहिजेत. मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी दीर्घकाळ युनिकोड नसलेल्या टंकांत झाली. ते मजकूर पडद्यावर दिसले तरी शोधात सापडत नाहीत. ग्रंथनामे रोमन लिपीत चढवली जातात आणि एकाच पुस्तकाची तीन स्पेलिंगे होतात. देवनागरीत शोधणाऱ्याला त्यांपैकी एकही मिळत नाही. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नाही. एक हजाराची आवृत्ती संपली की पुनर्मुद्रणाचा निर्णय वर्षानुवर्षे होत नाही. शेपूट लांब असते ते ज्याची नोंद आहे त्याचेच.

शिफारशीचेही तसेच. ‘हे पुस्तक घेणाऱ्यांनी तेही घेतले’ असे सांगणारे गणित ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये शोधनिबंधातून मांडले. ते चालते मागील खरेदीच्या संख्येवर. जेथे खरेदी लाखांनी होते तेथे ते आश्चर्यकारक नेमकेपणाने सांगते. जेथे एखाद्या कवितासंग्रहाच्या तीस प्रती जातात तेथे त्याच्याजवळ सांगण्यासारखे फारसे नसते. मग ते त्याच दहा-वीस खपाऊ पुस्तकांकडे बोट दाखवत राहते. कोठावळ्यांच्या दुकानातील निवडीत पक्षपात असेल, पण एका पुस्तकावरून दुसऱ्या पुस्तकाकडे नेणारे कारण त्यात असे. गणिताला कारण लागत नाही, संख्या लागते; आणि लहान भाषेजवळ कमी असते ती संख्याच.

५

इतिहासाच्या अभ्यासकांना याहून अधिक अस्वस्थ करणारी एक बाब आहे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वये प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सरकारकडे करावी लागे आणि प्रत्येक इलाख्याच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होत. ग्रंथनाम, लेखक, मुद्रक, पृष्ठे, किंमत आणि छापलेल्या प्रतींची संख्या एवढे सारे त्या याद्यांत मिळते. हेतू पाळत ठेवण्याचा होता, यात शंका नाही. तरीही एकोणिसाव्या शतकात कोणते मराठी पुस्तक किती प्रतींत निघाले हे आज आपण सांगू शकतो ते त्या परकीय सरकारच्या संशयी वृत्तीमुळे. त्या कायद्याची जागा २०२३ च्या कायद्याने घेतली आणि १ मार्च २०२४ पासून तो अमलात आला. त्याच्या कक्षेत नियतकालिके राहिली, पुस्तके राहिली नाहीत.

आजची गणती त्या याद्यांपेक्षा कितीतरी सूक्ष्म आहे. कोणत्या पिनकोडवर कोणते पुस्तक गेले, ई-पुस्तकाच्या कितव्या पानावर वाचक थांबला, कोणते ध्वनिपुस्तक अर्ध्यात सोडले, हे सगळे नोंदले जाते. वाचनाचा इतिहास लिहिणाऱ्याने स्वप्नात पाहावी अशी ही सामग्री. पण ती खाजगी कंपन्यांच्या संगणकांत आहे. प्रकाशकाला तिच्यातला तुकडा मिळतो, लेखकाला हिशेबाचा आकडा मिळतो आणि अभ्यासकाला काहीच मिळत नाही. आपल्याला दिसतो तो तासातासाला बदलणारा क्रमांक. क्रमांकावरून कोण पुढे ते कळते. किती जणांनी वाचले ते कळत नाही. १८७० च्या दशकातल्या ग्रंथाच्या प्रती आपण मोजू शकतो आणि २०२० च्या दशकातल्या ग्रंथाच्या मोजू शकत नाही, अशी स्थिती येऊ घातली आहे. उद्याच्या संशोधकासाठी हा काळ, सर्वाधिक नोंदींचा असूनही, अंधाराचा ठरू शकेल.

६

हे अटळ आहे असे मात्र आम्ही मानत नाही. बाजाराचे नियम माणसेच घडवतात. फ्रान्सने १९८१ च्या कायद्याने पुस्तकावरील सूट पाच टक्क्यांवर रोखली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून पस्तीस युरोपेक्षा लहान मागणीवर किमान तीन युरो टपालखर्च आकारणे बंधनकारक केले. उद्देश असा की, दूरचा मोठा विक्रेता आणि गल्लीतला लहान दुकानदार यांच्यातील अंतर थोडे कमी व्हावे. आपल्याकडे पुस्तकाच्या निश्चित किमतीचा असा कायदा नाही. आपल्याकडची कळ अजूनही टपालातच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत पुस्तकांची सवलतीची सेवा बंद केली, तेव्हा लहान प्रकाशकांत घबराट उडाली. पार्सलाचा खर्च पुस्तकाच्या किमतीशी स्पर्धा करू लागला. पुढे १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले : तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर रुपये, करांखेरीज. १८५४ पासून चालत आलेला प्रश्न २०२५ मध्येही तोच आहे. अंतराची किंमत कोणी द्यायची?

आणि मराठी प्रकाशकांनी, विशेषतः लहान प्रकाशकांनी, दरम्यान काय केले हे पाहण्यासारखे आहे. २०१६ पासून यूपीआयने पैसे पाठवणे फुकट आणि क्षणाचे काम झाले. व्हॉट्सॲपवर वाचकांची यादी करायची, नव्या पुस्तकाचे निवेदन पाठवायचे, प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करायची, आलेल्या मागणीवरून आवृत्ती किती काढायची ते ठरवायचे, पैसे थेट खात्यावर घ्यायचे आणि टपालाने पुस्तके रवाना करायची. ज्यांनी हे नेटाने केले त्यांनी नकळत वर्गणीदारांची जुनी रीत पुन्हा अमलात आणली. केतकरांना ज्या यादीसाठी गावोगाव हिंडावे लागले ती आता खिशातल्या यंत्रात मावते. आंतरजालाचा हा दुसरा उपयोग मोठ्या संकेतस्थळांच्या झगमगाटात झाकला जातो. त्याने एक मध्यस्थ बलाढ्य केला हे खरे. पण मध्यस्थावाचून चालण्याची सोयही त्यानेच करून दिली. या दोहोंपैकी कोणती वाट किती रुंद होते, हे मराठीच्या पुढील पन्नास वर्षांतील पुस्तकांवर परिणाम करील. कारण खपाऊ पुस्तक दोन्ही वाटांनी जाईल. पुढचे ‘बलुतं’ मात्र, आमच्या समजुतीप्रमाणे, ओळखीच्या वाचकांच्या यादीवाचून निघणार नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि सहकारी अध्यापकांना आमचे एवढेच सुचवणे आहे की, प्रकाशनसंस्थेच्या, दुकानाच्या, बंद पडलेल्या मासिकाच्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. वर्गणीदारांच्या याद्या, परत आलेल्या व्ही. पी.च्या नोंदी, उधारीची खाती यांत मराठी वाचकाचा जो इतिहास आहे तो अन्यत्र कोठेही नाही. आणि आज चालू असलेल्या प्रकाशकांना विनंती करून त्यांच्या विक्रीचे आकडे, निदान काही वर्षे लोटल्यावर, एखाद्या ग्रंथालयात ठेवता येतील का ते विचारावे. एका जुन्या वहीत आम्हांला एकदा एका वर्गणीदाराच्या नावापुढे ‘बदली झाली, नवा पत्ता कळवणार’ असा शेरा आढळला होता. त्याखाली, निराळ्या शाईत, नवा पत्ता लिहिलेला होता.